घरबसल्या गिटार : व्हिडिओ निवडावा कसा?

आपल्या पुष्कळ घरांत हल्ली एक गिटार असते. नातवाला वाढदिवसाला कोणी भेट दिलेली, नाही तर नातीने पहिल्या पगारातून हौसेने घेतलेली. पहिले पंधरा दिवस ती मांडीवर असते, पुढचे पंधरा दिवस पलंगावर, आणि मग कपाटामागे जाते ती वर्षाच्या झाडलोटीलाच बाहेर निघते. विचारावे तर उत्तर ठरलेले : "व्हिडिओ पाहिले, पण जमले नाही." पोरगा आळशी, असे म्हणून आपण मोकळे होतो. मी तीसेक वर्षे मुले शिकविली आणि निवृत्त झाल्यावर स्वतः गिटार हाती घेतली, म्हणून माझे मत थोडे निराळे आहे. वर्गात कोणते गुरुजी यावेत हे ठरविण्याची मुभा मुलांना नसते. व्हिडिओच्या बाबतीत ती मुभा आहे, पण निवडायचे कसे हे त्यांना कोणी सांगत नाही. जो समोर आला तो त्यांचा गुरू.

गावातल्या मतनासमध्ये आठवड्याला अर्धा तास शिकविणारा चांगला शिक्षक मिळत असेल, तर आधी त्याच्याकडे जावे. हे एकदा सांगून पुढे जाते. कारण सर्वांना तो मिळत नाही, परवडत नाही, आणि काही ठिकाणी तर तो असणेच शक्य नव्हते. अशा एका ठिकाणाची हकिगत येथे उपयोगी पडेल.

ते ठिकाण म्हणजे तांबड्या समुद्रावरचे जेद्दा बंदर. आपल्यापैकी ज्यांचे बालपण अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन या भागात गेले त्यांना हे नाव परके नाही. मुंबईहून हाजी लोकांची आगबोट जेद्दाला जात असे, आणि पुढे आपल्याच गावांतली कितीतरी कोकणी मुसलमान कुटुंबे नोकरीनिमित्त सौदी अरेबियात गेली. त्या देशात कित्येक वर्षे शाळेच्या अभ्यासक्रमात संगीत नव्हते, सिनेमागृहे बंद होती, आणि जाहीर जलसे जवळजवळ होतच नसत. घरातले गाणे मात्र कधी थांबले नाही. हेजाझचा तो किनारा ऊद वाजविणारांचा.

अशा या शहरात २००८ साली विद्यापीठात शिकणाऱ्या चार मुलींनी 'द अ‍ॅकोलेड' नावाचा रॉक वाद्यवृंद काढला. त्यांना जाहीरपणे वाजविता येत नव्हते, स्वतःची छायाचित्रे छापता येत नव्हती. सुटीच्या दिवशी घरात जमून त्या सराव करीत. त्यांनी 'पिनोकिओ' नावाचे गाणे इंटरनेटवर ठेवले आणि शेकडो तरुणांनी ते उतरवून घेतले. अमेरिकेतल्या न्यूयॉर्क टाइम्सने त्यांची बातमी छापली. पुढे २०१३ साली हिशाम फगीह या सौदी विनोदी नटाने बॉब मार्ले यांच्या गाण्याचे विडंबन केले, त्यात एकही वाद्य नाही. सगळा ताल आणि साथ तोंडाने काढलेली आहे. लक्षावधी लोकांनी ते पाहिले. सांगण्याचा मुद्दा असा की, व्यासपीठ नव्हते तेथे व्हिडिओ हेच व्यासपीठ झाले, आणि वर्ग नव्हता तेथे वर्गही.

शाळेत माझ्या बाकावर बसणारी एक मैत्रीण लग्नानंतर जेद्दाला गेली. इतक्या वर्षांनी फोनवर पुन्हा गाठ पडली, आणि २०१६ च्या सुमारास तिने मला लिहिले : "अगं, तू मास्तरीण ना? माझी नात गिटार घेऊन बसलीय आणि रोज रडते. जरा बघ तिला काय झालंय ते." मुलगी चौदा वर्षांची. शिकविणारे कोणी नाही, हातात फक्त फोन. तिने पाहिलेल्या व्हिडिओंची यादी मी मागविली. अकरा निघाले, आणि त्यांत एकामागून एक असे दोन पाठसुद्धा एका शिक्षकाचे नव्हते. एक सिनेमाच्या गाण्याचा, एक "दहा मिनिटांत गिटार" असा, एक नायलॉनच्या तारांच्या शास्त्रीय गिटारचा (तिची पोलादी तारांची), आणि एक तर हवाईयन गिटारचा!

या शेवटच्याविषयी थोडे सांगते, कारण आपल्या पिढीचा घोटाळा येथेच होतो. रेडिओ सिलोनवर आपण व्हॅन शिप्ले यांच्या गिटारवर सिनेगीतांच्या धुना ऐकत असू. ती हवाईयन गिटार. ती आडवी ठेवतात आणि तारांवरून लोखंडी कांडी सरकवितात, म्हणून सूर आपल्या गायकीसारखा मिंडेने वळतो. मुले आज जी घेतात ती स्पॅनिश गिटार. तिच्यावर पडदे असतात, बोटांनी तार दाबायची, आणि बहुधा एक एक सूर न वाजविता तीन-चार सुरांचा मेळ म्हणजे कॉर्ड वाजवायची. १९७३ च्या 'यादों की बारात' चित्रपटात भूपिंदर सिंग यांनी वाजविलेली गिटार या जातीची. तेव्हा आजोबांनी "गिटारवर जुनी गाणी" असे शोधून नातवाला व्हिडिओ दाखविला, तर तो निराळ्याच वाद्याचा निघण्याचा संभव असतो.

म्हणून पहिली गोष्ट म्हणजे आपले वाद्य ओळखावे. तारा नायलॉनच्या आहेत की पोलादाच्या? नायलॉनची असेल तर मान रुंद असते आणि शास्त्रीय शिक्षक डावा पाय लहान चौरंगावर ठेवावयास सांगतात. पोलादी असेल तर मान अरुंद, आणि उजव्या हातात प्लास्टिकची पाकळी, म्हणजे पिक. आरंभीच्या कॉर्ड दोन्हींवर त्याच आहेत, पण बसणे आणि उजवा हात निराळा. ज्याच्या हातात आपल्यासारखे वाद्य आहे तोच शिक्षक घ्यावा. आणि नायलॉनच्या गिटारला पोलादी तारा कधीही चढवू नयेत. त्यांचा ताण इतका असतो की खालची घोडी उखडून येते.

दुसरी गोष्ट क्रमाची, आणि मला ती सर्वांत मोठी वाटते. सुटा पाठ कितीही सुंदर असला तरी नवशिक्याच्या कामाचा नाही. पहिला, दुसरा, तिसरा अशी मालिका पाहिजे, आणि आठव्या पाठात पहिल्या पाठातले काही पुन्हा आले पाहिजे. आपल्या अंकलिपीत हेच होते. टास्मानियात वाढलेले आणि लंडनमध्ये राहणारे जस्टिन सँडरको यांनी २००३ साली सुरू केलेली मालिका मी जेद्दाच्या मुलीला सुचविली, ती या कारणाने. ती बहुतांशी मोफत आहे, हे दुसरे कारण. तिच्या जुन्या पहिल्या पायरीत तीनच कॉर्ड होत्या : डी, ए आणि ई. तीन कॉर्डमध्ये कितीतरी गाणी बसतात, आणि मूल चौथ्या आठवड्यात काहीतरी पुरते वाजवू शकते. याउलट पहिल्याच आठवड्यात एफ कॉर्ड शिकविणारा व्हिडिओ दिसला तर तो बंद करावा. एफसाठी एका बोटाने एकापेक्षा अधिक तारा एकदम दाबाव्या लागतात. नव्या हाताला ते झेपत नाही, आणि आपल्यातच खोट आहे अशी त्या मुलाची समजूत होते. जेद्दाची मुलगी रडत होती ती एफपाशीच.

ही कल्पना नवी आहे असे मात्र समजू नये. बर्ट वीडन यांचे 'प्ले इन अ डे' हे पुस्तक १९५७ साली निघाले, आणि इंग्लंडमधल्या पुढे नावारूपाला आलेल्या कित्येक वादकांनी त्यावरून सुरुवात केली. नाव एका दिवसाचे, पण आतला क्रम मात्र शिस्तीचा. अमेरिकेत हॅपी ट्रॉम यांनी १९६७ पासून टेपवर धडे विकले, नंतर व्हिडिओ कॅसेटवर. त्या अमेरिकन कॅसेटी आपल्याकडच्या यंत्रावर धड चालत नसत हेही काहींना आठवत असेल. पुस्तक काय, टेप काय, ती विकत घेतलेली एकच असे, म्हणून मनुष्य ती पुरी करी. आज हजारो फुकट आहेत आणि खाली आणखी वीस खुणावत असतात. म्हणून मी त्या मुलीला एक अट घातली : तीन महिने एकच शिक्षक. त्याचा आवाज आवडला नाही तर पहिल्या तीन पाठांत बदल, नंतर नाही.

आता व्हिडिओत काय दिसले पाहिजे ते पाहू. दोन्ही हात दिसले पाहिजेत. नुसता चेहरा आणि हसू दाखविणारे पुष्कळ आहेत. कॉर्ड शिकविताना डाव्या हाताची बोटे जवळून, स्थिर, निदान दहा सेकंद दिसावीत, आणि शिक्षकाने एकेक तार वेगळी छेडून दाखवावी. कारण कॉर्ड चुकली आहे की बरोबर, हे तेथेच कळते. एखादी तार थडथडत असेल तर बोट पडद्यापासून लांब आहे किंवा शेजारच्या बोटाला टेकले आहे. हे सांगणारा शिक्षक बरा. "दाबा, सराव करा, जमेल," एवढेच सांगणाऱ्याला मी नापास करीन.

समोर बसलेल्या मनुष्याची गिटार आपल्याला आरशातल्यासारखी उलटी दिसते. कॉर्डच्या आकृतीत जाड तार डावीकडे काढतात, तर टॅब नावाच्या लिपीत हीच जाड तार सर्वांत खाली लिहितात. शिवाय तारा मोजताना बारीक तार पहिली, जाड तार सहावी. बोटांचेही तसेच : पियानोत अंगठा म्हणजे एक, गिटारमध्ये तर्जनी म्हणजे एक. प्रौढ माणसालासुद्धा चक्रावून टाकणारा हा मामला आहे. चांगला शिक्षक पाचेक मिनिटे यावर घालवितो, आणि ती पाच मिनिटे मुले पुढे ढकलून टाकतात. आजी-आजोबांनी जवळ बसून तेवढा भाग दोनदा पाहावयास लावावा. एवढी मदत वाद्य न येताही करता येते.

सुरांच्या नावांचा गोंधळ आपल्या घरांत अधिक, कारण आपण तीन पद्धतींच्या मध्ये राहतो. येथल्या शाळेत मुले दो, रे, मी शिकतात, आणि अरबी देशांतही बहुधा तेच. इंग्रजी व्हिडिओत अक्षरे असतात. आपल्या घरी पेटी होती आणि आपण पांढरी एक, काळी चार असे म्हणत असू. तेव्हा जुळणी लक्षात ठेवावी. पांढरी एक म्हणजे सी म्हणजे दो. पांढरी दोन डी, म्हणजे रे. तीन ई, म्हणजे मी. चार एफ, म्हणजे फा. पाच जी, म्हणजे सोल. सहा ए, म्हणजे ला. आणि सात बी, म्हणजे सी. पहा, अक्षरातला सी वेगळा आणि दो-रे-मीतला सी वेगळा! हिब्रू बोलणाऱ्या मुलाला इंग्रजी व्हिडिओ येथे हमखास अडवितो. आपला सा मात्र या सर्वांपासून मोकळा आहे, गाणारा धरील तेथे तो असतो. गिटारवर हे काम कॅपो नावाचा चिमटा करतो. आजीचा आवाज काळी चारचा आणि नातवाला येतात जीच्या कॉर्ड, तर कॅपो पहिल्या पडद्यावर लावावा, दोघांचे जमते. आपल्याला घरच्यांबरोबर गायचे आहे, तेव्हा कॅपो लवकर शिकविणारी मालिका पसंत करावी.

गिटार सुरात लावणे हा पहिल्या दोन पाठांत आलेच पाहिजे. जाड तारेपासून ई, ए, डी, जी, बी, ई. फोनवर सूर दाखविणारी मोफत साधने मिळतात. बेसूर वाद्यावर बरोबर बोटे ठेवली तरी कानाला वाईट लागते, आणि मुलाला वाटते की आपण चुकलो.

मग व्हिडिओचा मोठा दोष येतो : त्याला आपले ऐकू येत नाही. वर्गात मुलाच्या चेहऱ्यावरून कळते की काही शिरले नाही. पडद्यावरच्या गुरुजींना ते कळत नाही, ते आपले पुढे बोलत राहतात. म्हणून ज्यात मोजता येईल अशी परीक्षा आहे तो व्हिडिओ घ्यावा. सँडरको यांची एका मिनिटाची रीत मला यासाठी आवडते. घड्याळ लावायचे आणि दोन कॉर्डमध्ये मिनिटात किती वेळा ये-जा होते ते मोजून वहीत लिहायचे. जेद्दाची मुलगी डी आणि ए यांच्यात पहिल्या दिवशी नऊ वेळा गेली. दहाव्या दिवशी एकवीस, महिन्याच्या शेवटी चौतीस. तिशी गाठली की गाणे हाती घ्यावे, असा माझा अनुभव. खेरीज आठवड्यातून एकदा दोन मिनिटांची ध्वनिफीत करून दुसऱ्या दिवशी ऐकावी, वाजविताना जे ऐकू येत नाही ते तेव्हा ऐकू येते. ती मला पाठवीत असे. मी तिला ताल कोठे घसरला तेवढे सांगे. त्यासाठी गिटार यावी लागत नाही, टाळ्या वाजवून भजनाला बसलेल्या कोणालाही ते कळते.

व्हिडिओची गती कमी करण्याची सोय आहे, पाऊणपट किंवा अर्धी, आणि त्याने सूर उतरत नाही. जुन्या टेपवर हे होत नसे, गती कमी केली की सूर घोगरा होई. या सोयीचा उपयोग करावा, पण शिक्षकानेच सावकाश वाजवून दाखविले तर ते अधिक चांगले, कारण सावकाश वाजविताना तो बोट कोठून उचलतो ते नीट दिसते.

दुखण्याविषयीही व्हिडिओत खरे सांगितले आहे का ते पाहावे. बोटांची टोके दोन-चार आठवडे दुखतात आणि मग कातडी घट्ट होते, हे साहजिक आहे. मनगट दुखणे, हाताला मुंग्या येणे हे साहजिक नाही. तेव्हा थांबावे आणि अंगठा व मनगट कसे ठेवले आहे ते तपासावे. दिवसाला पंधरा-वीस मिनिटे पुरेत. आठवड्याचा सगळा सराव शुक्रवारी एका बैठकीत उरकणे निरुपयोगी. तारा पडद्यापासून फारच उंच असतील तर दुकानदाराकडून उतरवून घ्याव्यात. स्वस्त गिटारमध्ये ही खोड फार, आणि तिचा दोष मुलाच्या बोटांवर जातो.

जेद्दाच्या मुलीला आणखी एक हौस होती. तिला तेथल्या शेजाऱ्यांकडे ऐकलेल्या अरबी चाली गिटारवर हव्या होत्या. काही येतात, काही येत नाहीत, आणि याचे कारण फार कमी व्हिडिओंत सांगतात. ऊदला पडदे नसतात. 'रास्त', 'बयाती' अशा मकामांत पाव सूर लागतात, ते पडद्यांच्या मध्ये पडतात. गिटारवर ते मिळणार नाहीत, कितीही शोधले तरी. 'हिजाज' मात्र येतो, आणि हे नाव तिच्याच मुलखाचे! त्याचे पहिले चार सूर आपल्या भैरवाच्या पूर्वांगासारखे आहेत : सा, कोमल रे, शुद्ध ग, म. डीवरून वाजवायचे तर डी, ई फ्लॅट, एफ शार्प, जी. मैत्रिणीने ते ऐकून लिहिले, "हे तर आपल्या पहाटेच्या रेडिओसारखं वाटतं." तीन कॉर्ड पक्क्या झाल्यावर हे करावे. आधी करू लागले तर कॉर्ड मागे पडतात.

दरम्यान त्या देशातले दिवस पालटले. जानेवारी २०१७ मध्ये जेद्दात गायक मोहम्मद अब्दू यांचा मोठा जाहीर जलसा झाला, २०१८ मध्ये सिनेमागृहे उघडली, २०२० मध्ये सरकारी संगीत आयोग स्थापन झाला आणि त्याच डिसेंबरात संगीत शिकविणाऱ्या संस्थांना पहिले परवाने मिळाले. मुलगी पुढे एका शिक्षकाकडे जाऊ लागली. त्याने तिच्या कॉर्ड आणि ताल पसंत केले. उजव्या मनगटाची मात्र मूठ वळल्यासारखी सवय लागली होती, ती सोडवायला त्याला चार महिने लागले. चार वर्षे समोर पडदा होता, पण तिच्या मनगटाकडे पाहणारे कोणी नव्हते. म्हणून ज्यांना नेहमीचा शिक्षक परवडत नाही त्यांनीही सहा महिन्यांतून एकदा कोणा जाणत्यासमोर दहा मिनिटे वाजवून दाखवावे, आणि त्याला ध्वनिफीत न देता हात दाखवावेत.

वाद्य ठेवण्याविषयी दोन शब्द. लाकडाला हवेतला ओलावा साधारण ४५ ते ५५ टक्के मानवतो. जेद्दात बाहेर दमट आणि घरात वातानुकूलन यंत्राची कोरडी हवा, त्यामुळे त्या मुलीच्या गिटारची मान वाकली आणि तारा उंच झाल्या. अश्दोदला समुद्र जवळ, तेथे हीच काळजी. दिमोना, बीरशेबाकडे उलट, तेथे कोरड्या हवेने लाकूड तडकते. वाजवून झाले की पेटीत ठेवावी, आणि कोरड्या गावी पेटीत ओलावा देणारी लहान डबी ठेवावी, ती वाद्यांच्या दुकानात मिळते. उन्हात उभ्या मोटारीत गिटार तासभरही ठेवू नये. सरस सुटतो.